ताळो

गुणोकाका चुलीपुढे घुमट शेकत बसला होता.
भाद्रपदाच्या ओलीत कातडे सैल पडते,
बोट मारले तर भिजल्या पोत्यासारखे वाजते,
म्हणून धग द्यायची, थोडी थोडी, फिरवत,
करपू न देता.
कान लावून तो म्हणाला, आला. आता आला.

पेटीवर मी. सूर काळी चार, साईशचा,
पाच चवथी तोच चालत आलेला.
माटोळीतल्या तोरिंजनाला गेल्या वर्षी त्याचा हात पुरत नव्हता,
यंदा ते कपाळाला लागत होते.
तिसऱ्या आरतीत तो वर चढला
आणि तिथे पायरीच नव्हती.

फुगलेल्या दाराची बिजागरी बोलते
तसे काहीतरी निघाले,
मग खाली, कुणा परक्या पुरुषाचा खाकरा.
घुमट थांबले. कांसाळी एक ठोका उशिरा.
"ताळो फुटलो रे भुरग्याचो!" गुणोकाका ओरडला
आणि सावईवेऱ्याचा अख्खा वाडा हसला.
वाईट नव्हते ते हसणे. पाठीवर थापा पडल्या.
कुणी म्हणाले, आता दाढीचे सामान आणा.
बाबांनी स्वतःच्या मिशीवरून बोट फिरवले, उगाच.
आईने त्याच्या पानात एक नेवरी जास्त वाढली.

माझे झाले तेव्हा कुणी काही ऐकले नव्हते.
बारा वर्षांची होते. तेव्हाही चवथच.
मागच्या खोलीत, नारळांच्या ढिगाशेजारी चटईवर
मी घुमटाचे ठोके मोजत पडले होते
आणि पोटात कुणी ओले कापड पिळत होते.
आई हळू म्हणाली, विचारले कुणी तर ताप आहे सांग.
पाच दिवस मला ताप होता.
गणपती व्हाळावर गेला तो मी पाहिला नाही,
परत आलेला रिकामा पाट पाहिला,
त्यावरची ओली माती.

आठवीत बाईंनी तो धडा घरी वाचायला सांगितला.
मी वाचला, कुळागरात, पोफळीला टेकून.
मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी.
मला ती आमच्या पोदेराची बहीण वाटली:
घर झोपेत असताना सायकलवर निघायचे,
दारोदार ठेवत जायचे,
भोंपू मात्र वाजवायचा नाही.
सकाळी उठावे तर उंबऱ्यावर काहीतरी ऊन ऊन,
आणि कुणी मागवले होते ते कुणालाच आठवत नाही.

साईश विहिरीपाशी सापडला.
घशावरचा नवा उंचवटा चाचपत होता,
जणू आवंढा गिळायचा राहून गेलाय.
"परत येईल?"
नाही, मी म्हणाले.
खोटे बोलता आले असते.
"दुसरा येईल. कसला, ते मला ठाऊक नाही."
त्याने कठड्यावरून वाकून हाक मारली, नुसता आ,
विहिरीने दोन आवाज परत दिले.
तो हसला. हसूही मध्येच फाटले. मग मीही हसले.
खरे सांगायचे तर मला त्याचा राग आला होता,
त्या थापांचा, त्या नेवरीचा.
तो तिथेच विहिरीत टाकता आला असता तर बरे झाले असते,
पण पुरा टाकला गेला नाही.

रात्रीच्या आरतीला मी सूर उतरवला, काळी एक.
तिथेही तो डगमगला,
ओठ हलवत राहिला, आवाज न सोडता.
वरची ओळ रिकामी पडली.
ती मी घेतली.
आमच्याकडे बायका टाळ्या वाजवतात, वरची ओळ घेत नाहीत.
गुणोकाकाने मान वर केली, ठोका चुकवला नाही.

आई माझ्याकडे बघत होती.
तिला तारखा पाठ असतात.
स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आजच्या चौकोनात
पेन्सिलीचे बारीक टिंब तिनेच केले होते.
आणि माझी बोटे पेटीवर, माटोळीखाली,
देवापासून चार हातांवर.
यंदा मी कुणाला काही सांगितले नव्हते.

ती बघत राहिली.
मग तिने समईत तेल घातले,
वात जरा पुढे सारली,
आणि म्हणाली, पुढची घ्या.