निष्क्रिय भुकटी

संमतीपत्र अकरा पानांचं. मराठी कुणीतरी
सरकारी चष्मा लावून केलेलं:
"सहभागीस सक्रिय पूरक अथवा निष्क्रिय भुकटी मिळेल.
कोणती, हे सहभागी, पालक वा डॉक्टर
यांपैकी कोणासही ठाऊक नसेल."
पानापानावर सही केली. शेवटची जरा वाकडी आली.

श्वासनळीत लव असते
आणि ती रात्रंदिवस आतून झाडू मारते,
हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी परळला कळलं,
निहारची हलत नाही म्हणून.
आणि काळीज उजवीकडे.
डॉक्टरांनी नळी डावीकडे लावली,
दचकून मुलाकडे पाहिलं.
मुलगा हसत होता.

एक जनुक माझं, एक हेमांगीचं.
दोघांना आयुष्यभर कधी न टोचलेलं.
लग्नाला पत्रिका पाहिली नाही
याचा केवढा अभिमान होता आम्हाला.

मशीद बंदरला एकोणीस वर्षं मी चहा चाखतो.
ओळीने चाळीस कप. चमचा, सुर्रर्र, पिकदाणी.
हा डोंगरावरचा. हा उताराचा, पावसानंतर खुडलेला.
या पेटीशेजारी कुणीतरी साबण ठेवला होता.
व्यापारी माझ्या जिभेवर पैसे लावतात.

आणि घरी फडताळात एकशे ऐंशी पुड्या,
पांढऱ्या, सारख्या, संत्र्याच्या वासाच्या.

सव्वीस दिवस हात लावला नाही.
सत्ताविसाव्या रात्री तो खोकत होता,
हेमांगी हाताचा द्रोण करून पाठ थोपटत होती,
कमरेकडून वर, कमरेकडून वर,
आणि मी स्वयंपाकघरात
रिकाम्या पुडीच्या कोपऱ्यातलं कणभर बोटावर घेतलं.

साखर. आंबट. खोटं संत्रं.
आणि मागे, पार मागे,
जिथे चांगला चहा संपता संपत नाही तिथे
एक कडवट तार.
किंवा ती त्या दिवसाच्या चाळीस कपांची.
किंवा हवी होती म्हणून उगवलेली.
पुन्हा बोट घातलं. पुडीत काही नव्हतं.

"कळलं का?"
दारात निहार. सतरा वर्षांचा,
ओठावर कोवळी लव, पंख्याच्या वाऱ्याने हलणारी.
नाही, म्हटलं.
"कळलं तरी सांगू नका, बाबा.
मी पिताना ती खरी धरतो
आणि फुंकताना खोटी.
जमतंय मला."

त्याने पुडी घेतली, नखाने सपाट केली,
बिस्किटांच्या डब्यात ठेवली.
रिकाम्या मोजून परत द्यायच्या असतात.

मंगळवारी परळ. नाकाला चिमटा.
दुखंडे बाई ओरडतात, फुंक, फुंक, अजून, अजून,
सोडू नकोस, सोडू नकोस, अजून,
बाहेरच्या बाकावरचे लोकही नकळत श्वास सोडतात.
पडद्यावर रेघ चढली, कलली.
गेल्या वेळी अठ्ठावन्न. आज एकसष्ट.
"दोन-तीन हवामानानेही होतात हो,"
बाईंनी लिहून घेतलं. चेहरा कोरा,
तोही बहुधा नियमातच असावा.

दुसऱ्या दिवशी कामावर पहिला कप उचलला.
चहा चाखून थुंकायचा असतो.
मी गिळला.
समोरच्या दलालाने वही खाली ठेवली, विचारलं,
काय हो वैती, कसा आहे?