खिशावरचा निळा

ऐरोली, सेक्टर तीन. दुपारचे अडीच.
कुंदा शाळेत, ऋता ऑफिसात,
आणि मी बाल्कनीत:
अर्धं ब्लेड, चिमटा, चष्मा.

सव्वीस वर्षं रबाळ्याला गेज दुरुस्त केले.
काटा अडकला की आधी टिचकी,
टिचकीनं नाही भागलं तर उघडायचं.
कपड्यांनाही हेच लागू पडतं असं माझं मत झालंय.
कुंदा म्हणते, मत ठेव,
माझ्या पैठणीला मात्र हात लावू नकोस.

सुरुवात ऋताच्या जीनपासून झाली.
चेन मधेच रुसायची.
मेणबत्तीचं थोटूक घासलं दोन्हीकडच्या दातांवर,
सर्रकन वर गेली.
‘बाबा, भारी!’ म्हणाली,
आणि तेवढ्यावर मी वाया गेलो.

मग स्वेटरवरचे गोळे, दाढीच्या जुन्या रेझरनं,
गालासारखं ताणून धरत, हलक्या हातानं.
मग कुंदाची पर्स. तिचा रेक्झिनचा पट्टा
कोंड्यासारखा गळत होता ब्लाऊजवर.
माझा कमरेचा कापून लावला
(बंद झाल्यापासून कंबर दोन भोकं आत गेलीय,
पट्टा तसाही उरत होता).
भोकं तशीच दिसतात.
स्टाफरूममध्ये ती सांगते, हल्ली अशीच फॅशन आहे.

पांढऱ्या कुर्त्यावरचा आमटीचा डाग
लिंबू, ऊन, साबण, कशालाच बधला नाही.
शेवटी म्हटलं, राहा बाबा,
पण नुसता बसू नकोस, पान हो.
सुकट घेऊन येणाऱ्या हेमांगी मढवीनं
पायरीवर बसून साखळी टाका शिकवला.
‘दादा, दोरा एवरा लांब नको घेव,
लांब दोऱ्याला गाठीच फार.’

आज गणवेशाचा शर्ट काढला.
खिशावर दातेरी चक्र, त्यात तीन अक्षरं.
एकेक टाका उचलला, कापला, ओढला.
चहा गार झाला.
चक्र निघालं, आणि खाली
निळा.
स्टोअरमध्ये सही करून घेतला होता त्या दिवसाचा,
घडीच्या वासासकट.
बाकीचा शर्ट कधी राखाडी झाला
ते मला कळलंच नव्हतं.

बस पकडून ठाण्याला, जांभळी नाक्यावर गेलो.
गालाशेठनं खिसा उजेडात धरला,
डब्यांची झाकणं उघडली, परत लावली.
‘हा आता येत नाही.
त्याच्या शेजारचा देतो.’

पातेलं कुंदानं बाद केलेलं,
मीठ दोन मुठी, ढवळायला पडद्याची दांडी.
थर्मामीटर तेवढा कंपनीतला:
अंश चुकू दिला नाही मी.
दोरीवर वाळला तेव्हा सबंध शर्ट निळा,
आणि चक्राची जागा
त्याहून एक घर गडद.
दोघांनीही रंग प्यायला होता.
हे आधी सुचायला हवं होतं मला.

तोच घालून संध्याकाळी भाजीला निघालो.
नव्या टॉवरच्या गेटवर डिचोलकर,
आमच्या बॉयलरचा. आता खाकीत,
खिशावर कुठल्याशा एजन्सीचा वाघ.
त्यानं बोट नेमकं गडद जागी ठेवलं.
‘फाडलास?’
‘उसवला.’
‘वेळ गेला असेल.’
‘आठ महिने.’

तो हसला नाही.
बाही पुढे केली. बटण एका धाग्यावर लोंबत होतं.
सुई हल्ली असतेच माझ्या पाकिटात.
अंगावरचं शिवू नये म्हणतात,
म्हणून त्यानं कुंडीतली एक काडी उचलून दातांत धरली,
आणि त्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही,
मलाही विचारता.

गाड्या येत होत्या, हॉर्न देत होत्या.
फाटक त्यानं डाव्या हातानं उघडलं.
मी दोरा आखूड घेतला होता.