रविवारची पुडी

बांबोळीच्या डॉक्टरनं कागद फिरवून माझ्याकडे केला.
नऊ. तीस तरी हवं होतं.
सासू हसली, तोंडाला पदर लावून, पण हसलीच.
"उन्हान करपान गेली सून माजी,
आणि म्हणतत उन्हाचीच कमी?"

निवतीच्या पुळणीवर बारा वर्षं मी मासे सुकत घातले.
बांगडा कधी परतायचा ते सावली बघून कळतं मला.
पण मॅक्सीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्यावर ओढणी;
ऊन खायला मनगटं तेवढी, आणि नाक.

मग दोन वर्षांपूर्वी, भर दुपारी,
उजव्या डोळ्यात कुणी दूध ओतलं.
आधी दीपस्तंभ विरघळला, मग होड्यांचे नंबर.
पाय मला न विचारता वाळूत बसले.
पंख्याखाली अर्ध्या तासानं सगळं परत.
तेव्हापासून अकरा ते चार मी माडाखाली,
ऊन समोर,
बोलणं टाकलेल्या शेजारणींसारख्या.

फिल्म उजेडाला धरली. मेंदूत पांढरे ठिपके,
मीठ नीट न झटकलेल्या सुक्या माशावर असतात तसे.
"तुमचीच फौज," डॉक्टर म्हणाला,
"तुमच्याच तारांचं वेष्टण कुरतडते."
फौज मी कधी पाहिली नाही.
मला समजला तो आमचा राखणदार,
रात्री काठी आपटत शीव फिरणारा.
कुणीतरी त्याला चुकीचं नाव सांगितलं
आणि घरच्यांनाच चोर समजून
तो भिंतींचा गिलावा उकरत बसला.

पुडी. साठ हजार युनिट. आठवड्याला एक, दुधातून.
"यानं तो शांत होईल?"
डॉक्टर पेनाचं टोपण लावत, काढत राहिला.
"काही अभ्यासांत पेशी जरा सबुरीनं वागल्या.
काहींत काहीच फरक नाही.
हाडांना लागेल, ते नक्की. इंजेक्शन सोडायचं नाही.
आणि शहाणपणा करून दोन-दोन पुड्या नकोत,
मुतखडे होतील."
अर्धं उत्तर देणारा माणूस मला आवडला.
लिलावात पूर्ण उत्तरं देणारे पुष्कळ पाहिलेत.

आज नववी.
वास संत्र्याच्या गोळीचा, उन्हाचा अजिबात नाही.
तळाशी राहिलेले दाणे बोटानं पुसून घेते.
सासू नारळ घेऊन गेलीय, तिच्या राखणदाराकडे.
माझं गाऱ्हाणं इथेच, ओट्यापाशी:
बा राखणदारा, ही घे तुझी वाटी.
ह्यो गिलावो माझो. ह्यो डोळो माझो. हे पाय माझे.
वळख ठेव.
"व्हय म्हाराजा" म्हणायला घरात कुणी नाही.
कुकर म्हणतो.

बाहेर ऊन मांडवावर चढलंय, लवूला आज उशीर झाला.
मी सावलीतून ओरडते: परत!
लवू बांगडे परततो.
आत, मणक्याच्या वाटेवर, आणखी कुणी ऐकलं का,
ते शिमग्यानंतरच्या फिल्ममध्ये.