शंभर शब्दांत

चाटी गल्लीत, चादरीच्या दुकानावरच्या खोलीत
दर जूनला आम्ही तिघं बसतो:
शेठजींचे पुतणे, एक सनदी लेखापाल
आणि मी. निवृत्त. भूगोल आणि इंग्रजी.
खाली ठोक गिऱ्हाईक गठ्ठे बांधून घेत असतं,
वर आमच्यापुढे अर्जांचा गठ्ठा.
एकेकट्या आया, शिकू बघणाऱ्या.
तेवीस अर्ज. पैसे पाचजणींपुरते.

अर्जाचा नमुना आमचाच.
‘पती हयात आहेत का? असल्यास पत्ता.’
नागमणी बोद्दूल, वय तेहतीस, विडी घरकुल,
नर्सिंगचं दुसरं वर्ष,
हिनं लिहिलंय:
हयात असावेत. पत्ता त्यांच्याकडे आहे.
पुतणे हसले.
मग हसू गिळून चहा सांगायला खाली गेले.

शेवटचा रकाना: मदत का हवी? शंभर शब्दांत.
कुणी पुरवण्या जोडल्यात, कुणी नवऱ्याच्या मारहाणीचे फोटो
(आम्ही मागितले नव्हते, तरी आम्ही ते पाहिले),
एकीनं नुसतं ‘गरज आहे’ लिहून सही केलीय.
नागमणीचे शब्द मी मोजले.
शंभर.
दर पंचविसाव्या शब्दानंतर एक उभी रेघ
आणि रेघेच्या पोटावर बारीकशी गाठ काढलेली.

सकाळी वर्ग, दुपारी वॉर्डात ड्युटी,
रात्री सहाशे विड्या. हजार होत नाहीत आता.
हाडं दोनशे सहा, पाठ आहेत.
मुलगी झोपली की तिच्या मनगटावर मोजते,
तिथली आठ अजून सगळी सापडत नाहीत.
नळ पाचव्या दिवशी. त्या दिवशी पहिला तास बुडतो,
तो मैत्रिणीकडून उतरवून घेते.
फी अठ्ठावीस हजार. जमलेत एकोणीस.
नऊ द्या. पंधरा नकोत.
जास्तीचे आले की भाऊ मागतो.

एवढंच सांगते, बाकी तिचं तिच्यापाशी राहू दे.

‘नऊ बसत नाही ओ मॅडम,’ लेखापाल म्हणाले,
‘ठरावात पंधरा आहे. पंधरा, नाहीतर काहीच नाही.’
मी म्हटलं, उरलेले सहा सहावीला द्या की.
‘सहावी ठरावात नाही.’
माणूस वाईट नाही. त्यांच्या वहीत
आजवर एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही.

चहा आला. मला मात्र ब्रँचची खिडकी दिसत होती.
आई टोपली पुढे सरकवायची,
आत बसलेला चेकर मूठभर विड्या उचलून
बोटांत दाबायचा, कानाशी न्यायचा,
आणि एक ढीग बाजूला लोटायचा. छाट.
छाटीचे पैसे नाहीत,
पण छाट परतही मिळायची नाही.
‘नापास झाल्या तर घरी का नाही देत?’
मी आठ वर्षांची, मोठ्यानं विचारलं होतं.
आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला.
वळ राहिला चार दिवस.

नाकारलेले अर्ज आम्हीही परत देत नाही.
ते लोखंडी कपाटात आहेत, साल घालून, दोरी लावून.
किल्ली माझ्याकडे असते.

पुतण्यांनी घड्याळ पाहिलं.
बावीस अर्जांवर खुणा झाल्या होत्या,
हिचा मधोमध उघडा, पंख्यानं फडफडणारा.
मी चष्म्याचं घर त्यावर ठेवलं.
ठरावाची वही इकडे घ्या, म्हटलं,
तो शब्द ‘पंधरा’ आहे की ‘पंधरापर्यंत’?

कुणी वही उघडली नाही. लेखापालांनी
घर बाजूला करून कागद उजेडाकडे धरला.
‘आणि ही गाठ कसली?’
कट्टा, मी म्हटलं. पंचवीसचा.
विड्या अशाच बांधतात.

ते बोट ठेवून मोजू लागले, ओठ हलवत,
तेविसावर अडखळले,
आणि परत पहिल्या शब्दापाशी आले.