अर्धं हळकुंड

मला चित्रातलं काही कळत नाही.
हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा.
छत्तीस वर्षं सांगलीच्या यार्डात, हळदीच्या अडतीवर
दिवाणजी म्हणून काढली:
पोती, पट्टी, तोलाई, हमाली,
आणि रुमालाखाली दाबलेल्या बोटांत ठरणारे भाव.
चोपडीला, सदऱ्याला, डब्यातल्या दह्यालाही
एकच रंग.

पिवळ्याबद्दल मला कुणी शिकवू नये.
राजापुरीचा वेगळा, सेलमचा तांबूस,
शिजवताना घाई झालेल्याचा मातकट,
आणि वरून पॉलिश मारलेला, तो तर लांबूनच खोटं बोलतो.
वरच्या रंगावर आम्ही बोली लावत नाही.
हळकुंड मोडतो. कट्.
आत बघतो.

चित्राचं तसं करता येत नाही,
हीच माझी अडचण.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी विट्याची एसटी,
तिथून बदलून औंध,
टेकडी, गुडघा, तिकीट,
आणि कोपऱ्यातल्या दालनात समई लावणारी ती बाई.
चौकटीखालचं चित्रकाराचं नाव पुसून गेलंय.
लोक येतात, चेहरा बघतात,
'अगदी जिवंत वाटते नाही?' म्हणतात,
आणि पुढच्या राण्यांकडे सरकतात.
मी तिच्या कोपरापाशी थांबतो.
उजेड संपतो तिथं, सावलीत, हिरवा आहे.
हिरवा! बाईमाणसाच्या कातडीत!
सहा वर्षं मला तो दिसलाच नव्हता.
दिसला त्या रात्री घरी येऊन
कुमुदिनीचं कोपर दिव्याखाली धरून बघितलं.
"काय झालं?"
"काही नाही."
आहे. हिरवा आहे.

बघायचं कसं ते दस्तगीरभाईंनी सांगितलं.
दस्तगीर मुतवल्ली, मिरज,
थिएटरचे बोर्ड, दुकानांच्या पाट्या, ट्रकांमागचे मोर.
चहा बशीत ओतत म्हणायचे,
"चेहरा सगळेच काढतात, दिवाणजी. पाय बघा.
पायापर्यंत पोचेतो माणूस दमतो,
कोण किती खरा ते तिथं कळतं."
तेव्हापासून मी देवांचेही पाय बघतो.
बऱ्याच देवांचे ढगात घातलेत.
समजायचं ते समजतो.

स्वतःसाठी म्हणून त्यांनी एकच चित्र काढलं:
प्लायवूडवर, बोर्डांच्या उरलेल्या रंगात,
लसूण सोलणारे दोन हात.
बायकोचे. ती गेल्यावर, आठवणीतून.
मी थट्टेनं रुमाल पुढे केला.
त्यांनी खाली बोटं धरलीच नाहीत,
चित्रच दिलं.

पुराच्या साली कृष्णा गावभागातल्या आमच्या खोल्यांत आली,
नऊ दिवस राहिली.
जाताना भिंतीवर आडवी रेघ, छातीइतकी उंच,
सुताराने दोरी धरून मारावी तशी सरळ;
आणि तीच रेघ चित्रातून,
मनगटांच्या जरा वरून.
खाली प्लाय फुगलेला, बोटं विरघळलेली,
लसूण कुठला, उजेड कुठला, कळेना.

पोत्यात गुंडाळून मिरजेला नेलं.
वाटेत माफीची वाक्यं जुळवत होतो.
त्यांनी चष्मा पुसला, चित्र उन्हात धरलं,
परत सावलीत धरलं.
"खालचं राहू द्या," म्हणाले.
"बोटं माझ्याकडून ताठच आली होती.
तिची तशी नव्हती."
मग बराच वेळ बशीतला चहा निवत गेला.

यार्डात अजून म्हणतात, तोंडावर म्हणतात,
दिवाणजी अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले.
झालो.
अख्ख्याचं काय करतात, ते ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारा.
अर्धं म्हणजे मोडलेलं,
निदान आत बघता येतं.

येत्या शनिवारी गुडघ्याला पट्टा बांधून जाणार आहे.
तिचे पाय मी अजून नीट बघितलेले नाहीत.
समईच्या मागं आहेत, काळोखात.
पहारेकरी पाचला दिवे घालवतो.
त्याला सांगून ठेवलंय,
आधी एकच घालव.