शहाण्णव घरं

पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी
आबांनी माळ्यावरचं कातडं खाली ओढलं.
पांढरी बुरशी, मग हिरवी,
कडेला काळी मिरपूड सांडल्यासारखी.
चाळीस जोडांचं कातडं.
आबा बोलले नाहीत काही,
नखानं खरवडून वास घेतला फक्त.

त्यातलीच नखभर मी डबीत घालून
केएमटीनं विद्यापीठात नेली.
काचेच्या बशीत तिला आगार वाढलं,
पाहुणीचं करावं तसं केलं.

आणि ही पाटी. प्लॅस्टिकची, तळहाताएवढी,
आठ आडव्या, बारा उभ्या,
शहाण्णव घरं.
निंबाळकर मॅडम हा आकडा सहज उच्चारतात.
माझी जीभ जरा अडते.
आमच्या गल्लीत तो दुसऱ्याच कामाचा:
कुणाच्या हातचं पाणी चालतं, ते सांगणारा.

इथं घरं मी वाटते.
आडवं लवंगेचं तेल,
दर घराला निम्मं निम्मं होत गेलेलं.
उभा हिरड्याचा अर्क,
तोच हिरडा, ज्यानं आबांचे हात
कोपरापर्यंत कमावले गेलेत.
तेल पाण्यात जाईना,
म्हणून रिठ्याचा फेस मध्यस्थ.
शेवटी घरटी एक थेंब निळा रंग.
बुरशी जगली तर गुलाबी.
मेली तर निळंच.

ओव्याचं तेल आधी लावून पाहिलं होतं.
हिरड्याशी त्याचं पटलं नाही.
एकेकटे बरे होते,
एकत्र आले नि दोघंही ढिले पडले.
सबंध पाटी गुलाबी, लग्नघरासारखी.

लवंगेची दोन दिवसांनी उघडली.
हिंदुराव शिपाई म्हणाला, दिवा लावू का?
नको म्हटलं, खिडकीशीच धरली.
एका कोपऱ्यातून निळं
पायरी पायरीनं आत शिरलेलं,
रंकाळ्याचं पाणी घाटावर चढावं तसं.
एकट्या लवंगेला लागायचं, त्याचा पाव.
हिरड्याचाही पावच.
पाव नि पाव, अर्ध्यात काम.

आबा अस्तर ठोकत होते.
"लवंगंचं त्याल चपलंला?
मग आमच्या दाढंला काय लावायचं?"
हातोडी चालूच.
बऱ्याच वेळानं, मान वर न करता:
"त्यो रिठा कुनी सुचिवला?"
मीच, म्हटलं.

चौथ्या ओळीतलं सातवं घर
अजून जांभळं आहे,
ना धड निळं, ना गुलाबी.
सोमवारी पुन्हा लावणार.