अठरा विती

कुतैसीच्या एका तळघरातल्या बारमध्ये आज
त्सिउरी तिघांचं गाणं एकटी गाणार आहे.
बद्री पोलंडात ट्रक चालवतो.
मामुकाशी बोलणं बंद,
कारण एका उसन्या इस्त्रीएवढं.

आधी खर्ज. टाच पेडलवर, लूप सुरू.
त्यावर मधला आवाज, त्यावर वरचा.
आणि ती हेडफोन उपटून काढते.
"झाल, मी तोंड उघडते
आणि मागून कुणीतरी मला वेडावतं."

मी बफर अर्धा करतो, पुन्हा अर्धा.
लॅपटॉप फुटाण्यांसारखा तडतडतो.
एक पायरी परत वर.
बारा मिलिसेकंदांवर आमचा तह.

"बारा म्हणजे किती?"
एका मिलिसेकंदात आवाज दीड वीत चालतो,
म्हणजे अठरा विती, मी सांगतो.
ती लगेच मोजायलाच घेते,
अंगठा, करंगळी, अंगठा, करंगळी,
माइकच्या पायापासून, मग ओल्या फरशीवर गुडघे टेकून
कोट टांगायच्या खुंट्यांखालच्या खुर्चीपर्यंत.
"इथंच बसायचा बद्री.
आणि यायचा उशिराच. तोंडात घास."

मी म्हणतो, उशीर थरावर थर चढतो,
दुसऱ्याला बारा, तिसऱ्याला चोवीस,
सावकाराच्या वहीसारखा.
म्हणून नोंदलेला थर तेवढाच मागे ओढायचा,
आणि तुझा गळा तुला थेट ऐकवायचा,
यंत्राच्या दारातून न नेता.
"बाकीचे ओढ," ती म्हणते. "खर्ज राहू दे."
डावा कान उघडा ठेवून उभी राहते.

नऊ वाजता टाच जरा लवकर पडली.
खर्जाच्या शेपटाला कुणाचा तरी पेला लागला,
किण्‌.
पुसावा तर खर्जही जाणार.
चार सेकंदांनी पुन्हा किण्‌.
तिसऱ्या फेरीला लोक हसले.
सातव्या फेरीला खुंट्यांखालच्या म्हाताऱ्याने
बरोबर त्या जागेवर आपला पेला उचलला.
त्सिउरीने माझ्याकडे पाहिलं.
मी काट्यांकडे पाहिल्यासारखं केलं.
मग तिने वरचा आवाज लावला,
आणि पेला त्याच्या खाली गेला, बुडाला नाही.

दोन वाजता सगळं बंद केलं.
केबल गुंडाळताना माझा हात
मध्येच थांबत होता,
दर चार सेकंदांनी.